वाचकांचे प्रश्न : ग्रामसभेचे जंगल आणि वन्यजीव अभ्यासकाचे काम

मागील अंकातील सातपुड्यावरच्या लेखानंतर धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न संक्षेपाने येथे दिले आहेत. उत्तरे या भागातील गावांसोबत वन्यजीव अभ्यासाचे काम करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेची आहेत.

ताई, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला वन्यजीव अभ्यासक व्हायचे आहे. घरच्यांच्या मते हे काम म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणे. गावासोबत राहून संवर्धन करणारा अभ्यासक नेमके काय करतो आणि त्यासाठी पुढे कोठे शिकावे? — एक विद्यार्थिनी, चोपडा

घरच्यांवर रागावू नका. समाजमाध्यमांवर या कामाची जी छायाचित्रे फिरतात ती पाहून कोणाचाही हाच समज होईल. प्रत्यक्षात कॅमेरा हातात असण्यापेक्षा वही हातात असण्याचे आणि त्याहूनही अधिक म्हणजे कोणाच्या तरी ओट्यावर बसून ऐकण्याचे दिवस जास्त असतात.

सामूहिक वनहक्क, म्हणजे परंपरेने राखलेले जंगल सांभाळण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावात अभ्यासकाचे वेळापत्रक गावाच्या वर्षावर बेतलेले असते. पावसाळ्यात गवत, रानभाज्या आणि नवी रोपे यांच्या नोंदी होतात. हिवाळ्यात पहाटे ठरावीक रेषेवरून चालत प्राणी-पक्ष्यांची मोजणी होते. फाल्गुनात पानगळ झाली की वणव्याची चिंता सुरू होते, मग मोहफुलांचा हंगाम येतो आणि त्यापाठोपाठ तेंदूपानांचा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात आणि होळीच्या आगेमागे सातपुड्यात बैठक ठेवणाऱ्या अभ्यासकाला ओटा रिकामाच सापडेल, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. पावरी किंवा भिलोरी ही इथली आदिवासी बोली कामापुरती तरी शिकावी लागेल. अहिराणी तुम्हाला येत असेल तर आठवडे बाजारात तिचा उपयोग होईल, पण वरच्या पाड्यांवर, विशेषतः बायकांशी बोलताना, ती पुरत नाही. आणि सरपण, डिंक, चारोळी व रानभाज्यांची खरी माहिती बायकांकडेच असते.

मोजणीविषयी एक गोष्ट आतापासूनच पक्की करून ठेवा. स्वयंचलित कॅमेऱ्यात एका महिन्यात भेकराची चाळीस छायाचित्रे आली, तर त्याचा अर्थ चाळीस भेकरे असा होत नाही. एकच भेकर रोज त्याच पाणवठ्यावर येत असेल. वाघाचे पट्टे आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक प्राण्यात वेगळी असते, म्हणून त्यांची संख्या छायाचित्रांवरून काढता येते. भेकर, ससा किंवा अस्वल यांच्याबाबत तशी सोय नसते. तेथे रेषेपासून प्राणी किती अंतरावर दिसला याची नोंद करून, दूरचे प्राणी नजरेतून निसटतात हे हिशेबात धरून अंदाज बांधावा लागतो. हा फरक ज्याला गावापुढे साध्या शब्दांत मांडता येत नाही, त्याने मोजणी केली काय आणि न केली काय, गावाच्या दृष्टीने सारखेच.

शिक्षणाबाबत सांगायचे तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि तमिळनाडूतील मयिलादुथुराईचे ए.व्ही.सी. महाविद्यालय येथे वन्यजीवशास्त्राचे स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पहिल्या दोन ठिकाणी प्रवेशपरीक्षा कठीण आणि जागा मोजक्या आहेत. दुसरी एम.एस्सी. करण्याची तयारी नसेल, तर एखाद्या संशोधन प्रकल्पात क्षेत्रसहायक म्हणून सुरुवात करून नंतर पीएच.डी.कडे वळणे हाही मळलेला मार्ग आहे. संख्याशास्त्र आणि नकाशे तयार करण्याचे संगणकीय तंत्र ही दोन कौशल्ये मात्र कोणत्याही मार्गाने गेलात तरी टाळता येणार नाहीत. घरच्यांना एक गोष्ट लपवू नका: यातील बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीच्या असतात, प्रकल्प संपला की पगार थांबतो आणि पुढचा प्रकल्प मिळेपर्यंत काही महिने मोकळे जातात. मुलगी एकटी जंगलात कशी राहणार, ही त्यांची दुसरी शंका असेल. गावात एखाद्या कुटुंबात राहून, गावातील माणसांसोबतच जंगलात जायचे असा या कामाचा रिवाज आहे आणि तो मुलग्यांनाही लागू आहे.

ताई, आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मंजूर झाला आहे. आता एक संस्था आमच्या जंगलात कॅमेरे लावून प्राणी मोजू म्हणते. आमच्या म्हाताऱ्यांना जंगलात काय आहे ते ठाऊक आहेच. मग ही मोजणी कशाला आणि होकार द्यावा का? — वन व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, धडगाव तालुका

दादा, होकार देण्याआधी त्या संस्थेला एकच विचारा: या मोजणीतून आमच्या ग्रामसभेचा कोणता निर्णय सोपा होणार आहे? उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर नकार देण्यात काही गैर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(झ) नुसार, ज्या सामूहिक वनाचे तुम्ही परंपरेने रक्षण करत आला आहात त्याचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तुमचा आहे. कलम ५ ने वन्यजीव, वने आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि त्यासाठीच नियमांमध्ये तुमच्यासारख्या समितीची तरतूद आहे. संस्थेने वनविभागाची परवानगी घेतली असेल. ती कायद्याने लागतेच आणि अभयारण्यात तर वन्यजीव कायद्यानुसार स्वतंत्र परवानगी लागते. पण त्या कागदामुळे ग्रामसभेच्या ठरावाची गरज संपत नाही.

म्हाताऱ्यांना सारे ठाऊक आहे, हे मला मान्य आहे. अस्वल कोणत्या कपारीत पिले घालते, कोणता झरा वैशाखातही आटत नाही, कोणत्या वर्षी चारोळी लगडली होती, हे कोणताही कॅमेरा सांगणार नाही. पण ग्रामसभेला आता वेगळ्या प्रकारचे निर्णय घ्यायचे आहेत. समजा, तुम्ही डोंगराच्या एका बाजूला तीन वर्षांची चराईबंदी केली. तिसऱ्या वर्षी शेळ्या असलेली घरे म्हणतील की बंदीने काही फरक पडला नाही, आता उठवा. इतर म्हणतील, रोपे वर येत आहेत, आणखी दोन वर्षे थांबू. दोन्ही बाजूंकडे जाणती माणसे असणार. अशा वेळी बंदीच्या आत आणि बाहेर दोरीने सारख्याच मापाचे चौकोन आखून, त्यांतील गुडघ्याखालची रोपे दरवर्षी त्याच महिन्यात मोजलेली असतील, तर वाद लवकर मिटतो. अंजनाचे उदाहरण घ्या. त्याचा पाला गुरांना इतका आवडतो की लोक झाडाचा शेंडाच तेवढा ठेवून बाकी सारे छाटून नेतात. जुनी झाडे उभी असल्यामुळे वरवर पाहता जंगलात अंजन भरपूर आहे असे वाटते. चौकोनात वाकून पाहिले आणि एकही रोप मिळाले नाही, तरच पुढच्या पिढीचे काय होणार ते कळते.

मोहफुलांच्या वणव्याचेही तसेच आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग झाडाखालीच राहिली तर फारसे बिघडत नाही, पण चैत्रातल्या वाऱ्यात ती उतारावर चढते आणि रोपे, सरडे, सापसुरळ्या, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सारे एका रात्रीत जाते. कोणत्या झाडांखालून आग पसरली याच्या नोंदी दोन हंगाम ठेवल्या, तर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, कोठे काढायच्या आणि कोणत्या घरांना पाचोळा झाडून किंवा झाडाखाली जुनी लुगडी अंथरून फुले गोळा करायला सांगायचे, हे समितीला नेमके ठरवता येते. अभ्यासकाचा खरा उपयोग येथे आहे, आणि या कामाला महागडा कॅमेरा लागतही नाही.

तरीही कॅमेरे लावायचे ठरले, तर काही अटी ठरावात लिहून घ्या. हे कॅमेरे झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधतात आणि समोरून काहीही हलले की छायाचित्र घेतात. त्यात सरपणाची मोळी घेऊन जाणारी बाईही येते, आणि पहाटे आडोशाला निघालेला माणूसही. अशी छायाचित्रे कोणालाही, अगदी वनविभागालाही, न देता पुसून टाकली जातील, हे लेखी हवे. प्राण्यांची छायाचित्रे आधी गावात दाखवावीत, मग बाहेर न्यावीत. माहितीची एक प्रत ग्रामसभेकडे राहावी. कॅमेरे बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्या तरुणांना रोजंदारी मिळावी आणि अहवालात त्यांची नावे यावीत, ‘स्थानिकांच्या मदतीने’ या दोन शब्दांवर त्यांची बोळवण होऊ नये. अखेरीस अहवाल पावरीत वाचून दाखवला पाहिजे, आणि तो ऐकून एखाद्या कारभाऱ्याने ‘हे चूक आहे, त्या नाल्यात आम्ही कधी तरस पाहिलेला नाही’ असे म्हटले, तर अभ्यासकाने छायाचित्र दाखवावे किंवा वाक्य मागे घ्यावे.

एक अट मात्र तुमच्या बाजूनेही पाळावी लागेल. निष्कर्ष गावाला आवडो वा न आवडो, तो नोंदवू द्यायचा. कुऱ्हाडबंदी कागदावर आहे आणि बुंधे ताजे आहेत, असे मोजणीत निघाले, तर तो अहवाल दडपून गावाचा फायदा होत नाही. वनहक्कांचे निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीपुढे एखाद्या वर्षी गाव अडचणीत आले, तर ग्रामसभेने आधीची चूक स्वतः नोंदवून दुरुस्त केल्याचा कागदच उपयोगी पडतो.

महोदया, मी सेवानिवृत्त शासकीय अधिकारी आहे. यावल-चोपडा पट्ट्यातील सागवान वनहक्काच्या नावाखाली डोळ्यांदेखत तुटले. ज्यांनी तोडले त्यांच्याच हाती जंगल देऊन ‘लोकसहभाग’ म्हणणे ही फसवणूक नाही का? — एक वाचक, जळगाव

कसत्या वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा मिळेल या आशेने, कायद्याने ठरवलेल्या तारखेनंतरही झाडतोड झाली, हे आपले निरीक्षण मी नाकारत नाही. पण कायदा त्या तोडीला संरक्षण देत नाही. वैयक्तिक हक्कासाठी जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असणे आवश्यक आहे, आणि मर्यादा प्रत्यक्ष ताब्याइतकी, जास्तीत जास्त चार हेक्टर आहे. म्हणजे त्या तारखेनंतर तोडलेल्या जंगलावर कोणाचाही दावा उभा राहत नाही. उपग्रह छायाचित्रे हा पूरक पुरावा मानला जातो. त्याशिवाय दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी कथन नियमांनीच पुरावा म्हणून मान्य केले आहे. कोणते शेत कधीचे, हे गावाइतके नेमके कोणत्याही कार्यालयाला माहीत नसते, आणि खोटा दावा अडवण्याची पहिली जागाही ग्रामसभाच आहे. काही ठिकाणी ती ते काम करते, काही ठिकाणी गावातील वजनदार माणसे तिला ते करू देत नाहीत. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

दुसरे असे की वैयक्तिक पट्टा आणि सामूहिक वनहक्क या निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या पत्रात त्या एकत्र झाल्या आहेत. सामूहिक हक्कात जमीन कोणाच्या नावे होत नाही, व्यवस्थापनाची जबाबदारी येते. ती जबाबदारी गाव पेलू शकते का, हे पाहायला जळगावहून फार लांब जाण्याची गरज नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, म्हणजे वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी, उजाड झालेले जंगल स्वतःचे नियम, दंड आणि राखण यांच्या जोरावर पुन्हा उभे केले. त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे दरवर्षी होणाऱ्या रानभाज्यांच्या पाककला स्पर्धेला एकदा अवश्य जा. रानभाज्या ओळखणाऱ्या बायका टेबलामागे उभ्या असतात, आणि कोणती भाजी कोणत्या ओहोळाकाठी कधी उगवते याची माहिती त्यांच्याकडून मिळते.

बारीपाडा झाले म्हणून प्रत्येक गाव तसे होईल, असे मात्र मी म्हणणार नाही. तेथे गाव लहान होते, नेतृत्व टिकाऊ होते आणि जंगल गावाला लागून होते. यावल अभयारण्य १९६९ पासून संरक्षित असूनही आपण म्हणता ती तोड झाली, तेव्हा केवळ कुंपण आणि वनरक्षक पुरत नाहीत हेही त्याच अनुभवातून दिसते. एकेका वनरक्षकाकडे इतके क्षेत्र असते की रात्री कुऱ्हाडीचा आवाज प्रथम कानी पडतो तो पाड्यावरच्या माणसालाच. तो माणूस वनरक्षकाला फोन करतो की कूस बदलून झोपी जातो, हे त्या जंगलावर त्याचा काही हक्क आहे की नाही यावर ठरते.

आमची केळीची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बिबट्याचा वावर वाढला आहे. वनविभागाने तो पकडून दूर जंगलात सोडावा, अशी मागणी आम्ही केली तर अभ्यासक विरोध का करतात? — एक शेतकरी, रावेर तालुका

कारण सोडलेला बिबट्या सोडला तेथे राहत नाही. जुन्नर परिसरातून पकडून दूरच्या जंगलांत सोडलेल्या बिबट्यांचा अभ्यास वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा जेथे ते सोडले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढल्याचे आढळले. शिवाय एक बिबट्या हलवला की मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. आपल्या बागेत बारमाही सावली आहे, ठिबकाचे पाणी आहे, रानडुकरे आणि भटकी कुत्री आहेत; त्याला आणखी काय हवे? माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी आहे, २०१७ साली चाळीसगाव तालुक्याने ते भोगले आहे, आणि तेथे तातडीची कारवाई व्हायलाच हवी. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नये. कापणीच्या वेळी एकेकटे न जाता बोलत-आवाज करत जाणे, वासरे आणि शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवणे, बागेच्या कडेला मेलेली जनावरे न टाकणे, एवढे आधी करा. जनावर मारले गेल्यास ते जागेवरून हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, म्हणजे पंचनामा आणि भरपाई अडत नाही.

शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात तर डोलारखेडा परिसरात वाघ आहेत, आणि ते केळीच्या बागांतूनही फिरतात. त्या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. या प्रकारच्या राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असावेत, असे वन्यजीव कायदाच सांगतो. बागायतदारांनी त्या खुर्च्यांचा वापर मागण्यांसाठी करावा. पिंजऱ्याच्या निवेदनापेक्षा त्याने जास्त हाती लागेल.

मी शहादा परिसरात पक्षिनिरीक्षण करतो. अलीकडे मला रानपिंगळा हा छोट्या घुबडांतला दुर्मीळ पक्षी दिसला असे वाटते. खात्री कशी करावी आणि त्याची जागा इतर पक्षिमित्रांना कळवावी का? — एक वाचक, शहादा

दिवसा, उजेडात, पर्णहीन झाडाच्या शेंड्यावर बसलेला होता का? डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, छातीवर गडद तपकिरी पट्टा होता आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा होता का? तसे असेल तर शक्यता आहे. आपल्या घराजवळच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. छायाचित्र आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण दोन्ही मिळाले तर उत्तम; पण त्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका, विशेषतः हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच्या विणीच्या काळात.

आपल्या तालुक्याचे या पक्ष्याच्या इतिहासातील स्थान आपल्याला ठाऊक असेलच. १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, पुढे खानदेशात डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. दरम्यान १९१४ चा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, पण तो चोरून नवी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना असल्याचे पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झाले. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर शोध घेतल्यामुळेच नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना हा पक्षी शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्यानंतर तो मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला तानसाच्या जंगलातही आढळला. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो आज ‘संकटग्रस्त’ गटात आहे.

जागा समाजमाध्यमांवर कळवू नका. घुबडांची अंधश्रद्धेपोटी शिकार होते हे एक कारण; सुटीच्या दिवशी एका झाडाखाली वीस छायाचित्रकार जमतात हे दुसरे. ज्या गावाच्या हद्दीत तो दिसला तेथील वन व्यवस्थापन समितीला आणि वनपालांना मात्र अवश्य सांगा. हा पक्षी स्वतः ढोली करत नाही. सुतार पक्ष्यांनी पोखरलेल्या किंवा कुजून पोकळ झालेल्या झाडांवर तो अवलंबून असतो, आणि सरपणासाठी किंवा बांधावरचा अडथळा म्हणून नेमकी तीच झाडे आधी जातात. वठलेली, ढोल्या असलेली झाडे तोडू नयेत असा एका ओळीचा ठराव समितीने केला, आणि त्या झाडांना गेरूचा पट्टा ओढला, तर एवढ्यानेही फरक पडेल. अशा झाडांची यादी करण्यात आपण त्यांना मदत करू शकता. होळीआधी करा, कारण पानगळीत ढोल्या चटकन दिसतात आणि होळीसाठी लाकूड गोळा होण्यापूर्वी पट्टे मारून झालेले असतील.